इंग्लिश स्पेशल

कोल्हापुरात ‘स्पेशल’ हा शब्द दोनच ठिकाणी मानानं उच्चारला जातो, चहाच्या गाड्यावर आणि कॉलेजात. ‘तुझं स्पेशल काय रं?’ या प्रश्नाला ‘इंग्लिश’ असं उत्तर आलं, की विचारणारा क्षणभर बोलायचा थांबतो. या स्पेशलची मूळ संहिता म्हणजे शिवाजी विद्यापीठाचा बी.ए.चा अभ्यासक्रम. पोरं ती उघडतात ती कुठल्या प्रश्नाला किती गुण एवढं बघायला. मला मात्र ती सावकाश, कवितेसारखी वाचायची खोड आहे.

काही वर्षांपूर्वीची भाग तीनची प्रत घ्या. पहिली गंमत क्रमांकांची. दर वर्षी एकपासून नवी सुरुवात नाही. पाचव्या सत्रात पेपर ७ ते ११, सहाव्यात १२ ते १६. पहिल्या वर्षी धरलेला धागा शेवटपर्यंत सुटत नाही, कादंबरीच्या प्रकरणांसारखा. एखादं प्रकरण राहिलंच, तर ते एटीकेटी होऊन पाठीमागे चालत येतं.

मग नावं. समीक्षेची ओळख, त्यानंतर ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’, ‘अंडरस्टँडिंग ड्रामा’, ‘अंडरस्टँडिंग नॉव्हेल’, आणि शेवटी आधुनिक इंग्रजीची रचना व कार्य. ‘अंडरस्टँडिंग’ हा शब्द तीनदा येतो, पण त्याला पुनरुक्ती म्हणायला माझं मन धजत नाही. क्लीन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांचं ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ १९३८चं; नाटकावरचं भावंड १९४५चं. कवीचं चरित्र बाजूला ठेवा, समोरची ओळ वाचा, असं सांगणाऱ्या अमेरिकी प्राध्यापकांच्या या शीर्षकांचा पडसाद पंचगंगेकाठच्या पत्रिकेत उमटतो. नाव देणाऱ्याच्या मनात तो होता की नाही, कोण जाणे. कान असलेल्याला ऐकू येतो.

क्रमाबद्दल माझी तक्रार आहे. समीक्षा आधी आणि कविता नंतर, म्हणजे जेवणाआधी पचनावर व्याख्यान. मी असतो तर उलटं लावलं असतं. पण भाषेची रचना शेवटी ठेवण्यात मौज आहे. नाटकं-कादंबऱ्या वाचून झाल्यावर पोराला कळतं, की आपण ‘स्कूल’च्या आधी एक बारीकसा ‘इ’ लावतो. तोवर प्रेमात पडून झालेलं असतं, त्यामुळे चूक लागत नाही.

या संहितेमागं उभी असलेली माणसं पाहिली की तिला खोली येते. १८८० साली सुरू झालेल्या राजाराम कॉलेजचं प्राचार्यपद वि. कृ. गोकाक यांनी सांभाळलं. ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि कन्नडचे कवी, पुढं ज्ञानपीठाचे मानकरी. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं. तिथल्या इंग्रजी विभागात शांतिनाथ देसाई शिकवत, आणि तेही कन्नड कादंबरीकार. भाषांच्या सर्वेक्षणाचं प्रचंड काम उभं करणारे गणेश देवी याच विद्यापीठाचे विद्यार्थी. अरुण कोलटकर जन्मानं इथलेच. त्यांच्या ‘जेजुरी’ला १९७७चं राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळालं. इथं इंग्रजीच्या वर्गाला कन्नड आणि मराठी असे दोन शेजारी कायम होते. भिंत पातळ होती, एवढंच.

आता २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि संहितेची शैलीच बदलली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी. ओळच्या ओळ आद्याक्षरांची. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास; तीन वर्षांत किमान १२०, ऑनर्ससाठी चौथं वर्ष धरून १६०. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन. घरची अडचण असलेल्या मुलीला या दारांचा आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण वाचक म्हणून बोलायचं तर जुन्या संहितेला कथानक होतं, हिला किर्दवहीचे रकाने आहेत.

जुन्या पत्रिकेतली माझी सगळ्यात आवडती जागा मात्र समीक्षेच्या पेपरात, अगदी कोपऱ्यात आहे. अरिस्टॉटलपासून सगळी थोर मंडळी आटोपल्यावर येणारा ‘क्रिटिकल अप्रिसिएशन’. आपल्या भाषेत सांगायचं तर रसग्रहण. न वाचलेली कविता समोर टाकायची आणि तिच्याबद्दल लिहा म्हणायचं. असाच प्रयोग केंब्रिजमध्ये झाला होता: आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावं झाकून मुलांना कविता वाचायला दिल्या आणि त्या उत्तरांवर १९२९ साली पुस्तक लिहिलं. त्या चांगल्या घरच्या, पुस्तकांत वाढलेल्या मुलांनीही भलभलतं लिहिलं होतं. सगळ्या पेपरांत हा एकच प्रश्न असा, की ज्याचं उत्तर गाईडात सापडत नाही. झेरॉक्सवाला इथं हात टेकतो. आजऱ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेलं पोर आणि ती चौदा-सोळा ओळींची परकी कविता, दोघंच एकमेकांसमोर.

एकदा पेपर सुटल्यावर व्हरांड्यात दोघांचं बोलणं कानावर पडलं.

‘अनसीन कसं गेलं रं?’

‘पाऊस होता कवितेत. कुठला ते दिलं नव्हतं. मग राधानगरीचा धरला आणि दीड पान लिवलं.’