प्रदर्शन-पटलांसाठीची बहुवारिके : रेणूची कीर्ती आणि ताणाचे कार्य

नियंत्रित प्रकाशीय गुणधर्मांच्या बहुवारिकांचे विवेचन सहसा स्वयंप्रकाशी बहुवारिकांपासून सुरू होते. पॉलिफिनिलीन व्हिनिलीनच्या पातळ थरातून विजेने प्रकाश मिळतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखविले. विद्युतवाहक बहुवारिकांसाठी हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना २००० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही कीर्ती रास्तच आहे. मात्र बाजारातील ओलेड पडद्यांत प्रकाश देणारे थर प्रामुख्याने निर्वातात बाष्परूपाने बसविलेल्या लहान रेणूंचे असतात. बहुवारिकाचे खरे राज्य द्रवस्फटिक पडद्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या ध्रुवक पटलात आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते.

हे पटल पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे. ते मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले की त्यातील साखळ्या एका दिशेस वळतात. आत शोषलेले आयोडीन त्यांच्या समांतर रांगा धरते आणि त्या दिशेत कंप पावणारा प्रकाश शोषून घेते. एडविन लँड यांनी १९३८ मध्ये साधलेली ही युक्ती. येथे गुणधर्म रेणूच्या सूत्रात नाही, ताणात आहे. 'आरेखन' म्हणजे केवळ नवा एकवारिक शोधणे, ही समजूत म्हणूनच अपुरी ठरते. केइओ विद्यापीठाचे यासुहिरो कोइके यांनी धन व ऋण द्विअपवर्तनाची एकवारिके सहबहुवारिकात एकत्र आणून द्विअपवर्तन शून्यवत केले. तेथे रासायनिक घटना निर्णायक आहे खरी. पण तिचा हेतू साखळ्यांच्या दिशाबद्धतेचा परिणाम पुसणे हाच.

कल्याण परिसराला हे तत्त्व परके नसावे. शहाडचे सेंच्युरी रेयॉन आणि २००९ मध्ये बंद पडलेली मोहन्याची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन यांचा व्यवसाय व्हिस्कोस धाग्याचा. कातताना धागा ताणला की सेल्युलोजच्या साखळ्या अक्षाशी जुळतात, त्यातून बळकटी येते, आणि ही जुळणी किती झाली हे द्विअपवर्तन मोजून कळते. तरीही अध्यापनात रेयॉन 'कृत्रिम तंतू' या शीर्षकाखाली रसायनशास्त्राकडे राहतो, ध्रुवीकरण भौतिकशास्त्राकडे जाते, आणि एकाच विद्यार्थ्याच्या दोन वह्यांत ती शेजारी असूनही भेटत नाहीत. विभागांच्या भिंती प्रयोगशाळेपर्यंत न्याव्यात असे त्यांत काही नाही. व्हिस्कोसपासूनच होणाऱ्या सेलोफेनचा तुकडा दोन काटकोनी ध्रुवकांमध्ये धरला, तर एरवी काळोख्या राहिलेल्या त्या क्षेत्रात रंग उमटतात. तुकडा फिरविला की ते मावळतात आणि पुन्हा उजळतात.