‘बलुतं’ : नाक्यावरचा बंधुभाव व पश्चात्ताप

बंधुप्रेमाचे गोडवे आपल्या वाङ्मयांत फार पूर्वीपासून गाइले गेले आहेत. परंतु पादुका शिरीं धरणारा भरत आणि नाक्यावरील सोबत्यासाठीं मारामारीस धांवणारा पोर, या दोघांच्या प्रेमांत भेद कोणता, हें क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मतें उत्कटतेंत भेद नाहीं. भरताला स्वतःस जाब विचारतां येतो. टोळींतल्या पोराला तो विचारण्याची उसंतच मिळत नाहीं.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या पुस्तकावर अश्लीलतेचा गहजब झाला, तेव्हां त्यांतील खरें दुःख बाजूस राहिलें. पोक्या आपल्या टोळक्याच्या उचापती ज्या बेफिकीर बोलींत सांगतो, तींत मैत्री भरपूर आहे, पण मागें वळून पाहणें नाहीं. हा लेखकाचा दोष नव्हे. नाक्याची रीतच ती. पश्चात्ताप झालेला पोर नाक्यावर टिकत नाहीं.

याच्या उलट दया पवार यांचें ‘बलुतं’ (१९७८) घ्या. नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील धामणगांवचा दगडू मारुती पवार मुंबईस नागपाड्याच्या कावाखान्यांत वाढतो. पुरुष हमाली करितात, बायका चिंध्या-कागद वेंचतात, आणि मुलांस शाळेआधीं रस्ता शिकवितो. पुढें संगमनेरास शिकून हाच मुलगा लेखक होतो. येथें ग्रंथाची योजना ध्यानांत घेण्याजोगी आहे : दगडू आपली कहाणी दया पवार यास सांगतो. एकाच देहाचीं हीं दोन नांवें. पण आम्हांस तीं दोन भाऊच भासतात. एक मागें राहिला, दुसरा सुटला. सुटलेल्यास मागच्याची लाज वाटते, आणि लाज वाटल्याची पुन्हां लाज वाटते. हाच या ग्रंथांतील खरा पश्चात्ताप होय. स्वकीयांतील कांहीं सुशिक्षितांस हें उघडें बोलणें रुचलें नाहीं. परंतु झांकून ठेवलेल्या भावावर प्रेम केलें असें कोण म्हणेल?

ही योजना ग्रंथभर सारख्या ताकदीनें टिकत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. मध्यंतरीं ऐकणारा गप्प बसतो आणि हकीकतींची नुसती रांग लागते. दगडूस उलट विचारणारा दया पवार अधिक वेळां बोलता, तर ग्रंथ याहून मोठा झाला असता.

तथापि एक गोष्ट या ग्रंथानें निर्विवाद सिद्ध केली. गल्लींतल्या पोरांवर दया दाखविणारीं पुस्तकें पुष्कळ होतील. पण ‘तो मीच होतों, आणि मी त्यास सोडून आलों’ असें सांगणारा विरळा. आज नगराच्या एखाद्या चौकांत टोळक्यांत उभ्या असलेल्या मुलास उपदेशाची गरज थोडी. त्याला गरज आहे ती परत येऊन शेजारीं बसणाऱ्या भावाची. ‘बलुतं’ वाचून तें बसणें कसें असतें, याची ओळख होते.