यंत्राची भाषा आणि माणसाची पत

यंत्राने लिहिलेला मजकूर ज्ञानाच्या व्यवहारात चालू द्यावा की नाही, याविषयी २०२२ च्या अखेरीपासून पुष्कळ बोलले जात आहे. आपल्याकडेही बोलले जाते. कोणी म्हणतो, इंग्रजीची भिंत आता पडली, आमच्या पोराला यापुढे कोणाचे तोंड बघायला नको. कोणी म्हणतो, हे यंत्र चोर आहे आणि पोरांना आळशी करणारे आहे. दोघेही यंत्राविषयीच बोलतात. या यंत्राविषयीचे नियम कोण करतो, कोणाला विचारून करतो आणि त्या नियमाचा फास प्रथम कोणाच्या गळ्याला बसतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ज्यांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्यांनी केलेल्या नियमांखाली दबून गेल्या, त्यांनी तरी हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्यासाठी एक घडलेले प्रकरण येथे तपासावयाचे आहे.

‘स्टॅक ओव्हरफ्लो’ नावाचे एक व्यासपीठ आहे. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ मध्ये अमेरिकेत सुरू केले. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस अडला की तेथे प्रश्न विचारतो आणि जगातला दुसरा कोणी तरी त्याला उत्तर देतो. उत्तराचे पैसे मिळत नाहीत. उत्तर पसंत पडले तर दर पसंतीमागे १० गुण मिळतात. या गुणांना तेथे पत म्हणावे असाच त्यांचा अर्थ आहे. पत वाढेल तसा अधिकार वाढतो. ३,००० गुण झाले की दुसऱ्याचा प्रश्न बंद करावा असे मत देता येते, १०,००० झाले की पुसून टाकलेला मजकूरही पाहता येतो. या सर्वांवर देखरेख करणारे मॉडरेटर सभासदांनी निवडून दिलेले असतात आणि तेही बिनपगारी काम करतात. भारतातले लाखो तरुण हे व्यासपीठ वापरतात. तालुक्याच्या कॉलेजात ज्यांना धड शिकवायला कोणी नव्हते, अशी आपली कितीतरी मुले तेथली उत्तरे वाचून नोकरीला लागली. हे ऋण मान्य केले पाहिजे. पण श्रम असे सर्वांचे असले तरी मालकी कंपनीची आहे. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या ‘प्रोसस’ या कंपनीने ती सुमारे १८० कोटी डॉलरला विकत घेतली. उत्तरे लिहिणाऱ्यांना त्यातला छदामही मिळाला नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले. लगेच पुढच्या आठवड्यात, ५ डिसेंबरला, या व्यासपीठाने त्याच्या उत्तरांवर बंदी घातली. कारण साधे होते. यंत्राची उत्तरे दिसायला बिनचूक, वाचायला गुळगुळीत. पण त्यांतली पुष्कळशी चुकीची. आणि ती इतक्या झपाट्याने तयार होतात की तपासणाऱ्या माणसांचे हात अपुरे पडावेत. ही बंदी मला योग्य वाटते. ज्ञान म्हणजे नुसती वाक्ये नव्हेत. वाक्यामागे कोणी तरी उभे असावे लागते. चुकलो तर चुकलो म्हणणारे, विचारले तर पुन्हा समजावून सांगणारे. यंत्राला लाज नाही आणि जबाबदारीही नाही.

खरे प्रकरण पुढे सुरू होते. २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस कंपनीने मॉडरेटरांना कळविले की, मजकूर यंत्राचा आहे अशा संशयावरून तो काढून टाकणे वा सभासदाला निलंबित करणे बहुतांशी थांबवावे. यंत्राचा मजकूर ओळखणारी साधने भरवशाची नाहीत, निरपराध माणसे त्यांत सापडतात, शिवाय काही विशिष्ट देशांतल्या रहिवाशांच्या बाबतीत पक्षपात होत असल्याचा संशय आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. मॉडरेटर खवळले. आम्हांला खाजगीत दिलेला आदेश आणि लोकांसमोर मांडलेला आदेश यांत फरक आहे. आम्हांला विश्वासात न घेता धोरण बदलले. यामुळे व्यासपीठ यंत्राच्या कचऱ्याने भरून जाईल, असे त्यांनी जाहीर केले आणि ५ जून २०२३ रोजी संप पुकारला. बिनपगारी माणसांचा संप! मालकाने वेतन रोखावे तर वेतनच नाही. अखेर वाटाघाटी झाल्या आणि ऑगस्टमध्ये समेट झाला. कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे मजकूर यंत्राचा मानून कारवाई करता येईल, हे ठरले. यापुढे धोरण बदलताना मॉडरेटरांना आधी कळवावे, हेही ठरले.

वर्तमानपत्री दृष्टीने गोष्ट येथे संपते. कंपनी एका बाजूला, मॉडरेटर दुसऱ्या बाजूला, भांडण झाले, मिटले. परंतु या भांडणात तिसरा एक माणूस होता. ज्याच्यावर संशय घेतला गेला तो. त्याच्या नावाने दोन्ही पक्ष बोलले. कंपनी म्हणाली, त्याच्यावर अन्याय होतो. मॉडरेटर म्हणाले, त्याच्यासारख्यांपासूनच ज्ञानाचे रक्षण करावयाचे आहे. वाटाघाटीच्या मेजाभोवती मात्र त्याची खुर्ची नव्हती.

हा तिसरा माणूस माझ्या ओळखीचा आहे. आमच्या घरात शाळेची पायरी ओलांडणारा मी पहिलाच. आईवडील ऊसतोडीला जात आणि मी वसतिगृहात राहून शिकलो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक निबंध लिहिला. ग्रंथालयातून पुस्तके आणून, शब्दकोश उशाला ठेवून, तीन वेळा खोडून लिहिला. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी तो वर्गात उंच धरला आणि विचारले, “हे कोणी लिहून दिलं रे तुला?” वर्ग हसला. मी म्हणालो, “मीच लिहिलं, सर.” ते म्हणाले, “बस खाली.” त्यांनी गुण कापले नाहीत. त्यातला एकही प्रश्न त्यांनी मला विचारला नाही, एवढेच. विचारला असता तर मी उत्तर दिले असते. मला बचाव करू न देताच मोठ्या मनाने सोडून दिले गेले. ते सोडून देणे मी आजवर विसरलेलो नाही.

तेव्हा असे यंत्र नव्हते, पण संशय होता. आता संशयाला यंत्राचा आधार मिळाला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी यंत्राचा मजकूर ओळखणाऱ्या ७ साधनांपुढे ठेवले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक या साधनांनी यंत्राचे ठरविले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे माणसांचेच ठरले. यात गूढ काही नाही. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे ही साधने मोजतात. भाषा ज्याच्या अंगणात खेळली, तो तिच्याशी दांडगाई करतो, वाकडेतिकडे बोलतो, अनपेक्षित शब्द टाकतो. ज्याने ती पुस्तकातून कमावली, तो जपून लिहितो. ओळखीचे, खात्रीचे शब्द वापरतो. चुकलो तर आपल्याला हसतील हे त्याला ठाऊक असते. हे जपून लिहिणेच आता त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

हा अनुभव आपल्याला नवा आहे काय? आपली भाषा अशुद्ध आहे म्हणून आपल्याला हिणवले गेले. मग आपण प्रमाणभाषा शिकलो, तिचे चिलखत चढवून वर्गात गेलो. तेव्हा ही भाषा तुमची नव्हे, कोणाकडून तरी आणली आहे, असे ऐकावे लागले. अशुद्ध लिहिले तर अडाणी, शुद्ध लिहिले तर चोर. जेथे पत आधीच वाटली गेलेली असते तेथे मजकूर तपासला जात नाही, लिहिणारा तपासला जातो.

मग कंपनीचेच बरोबर होते, असे कोणी म्हणेल. पक्षपाताचा मुद्दा तिने मांडला हे खरे, आणि तो मुद्दा खरा आहे. परंतु वरून आलेली करुणा आणि हक्क यांतला फरक आपण पुष्कळ किंमत देऊन शिकलो आहोत. संशयिताचा कळवळा असता तर त्याला बाजू मांडण्याची रीत घालून दिली असती. संशयाची चर्चाच बंद करण्याचा मार्ग घेतला नसता. त्याच जून महिन्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. सभासदांच्या उत्तरांचा साठा ठरावीक काळाने सर्वांसाठी खुला करण्याची जुनी प्रथा कंपनीने गाजावाजा न करता थांबविली होती. ओरड झाली तेव्हा ती पुन्हा सुरू करावी लागली. पुढे ६ मे २०२४ रोजी, ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी घडविले तिच्याशीच या कंपनीने भागीदारी जाहीर केली. या व्यासपीठावरचे ज्ञान आता त्या यंत्राला मिळणार होते. काही सभासदांनी निषेध म्हणून आपलीच उत्तरे पुसली वा बदलली. ती पूर्ववत करण्यात आली आणि त्यांतल्या काहींची खाती निलंबित झाली. कायद्याने कंपनीचे चुकले असे नाही. उत्तर लिहिताना सभासद जो परवाना मान्य करतो, त्यात लेखकाचे श्रेय देऊन मजकूर पुन्हा वापरण्याची मुभा आहे. पण बलुत्याचीही वहिवाट होतीच. वहिवाट असणे आणि न्याय असणे या दोन गोष्टी आहेत. यंत्राचे उत्तर व्यासपीठावर आणणारा सभासद गुन्हेगार. सभासदांची उत्तरे यंत्राकडे नेणारी कंपनी भागीदार. नियम एकाच वाहतुकीचा आहे, फक्त दिशा बदलली की पाप व्यापार होते.

मॉडरेटरांविषयी मला आदर आहे. फुकट राबणाऱ्यांनी हात काढून घेतले तर मालकाचा वाडा कसा डळमळतो, हे त्यांनी दाखविले. तरीही त्यांच्या लोकशाहीकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. पतीची ती शिडी सर्वांना खुली आहे, असे म्हणतात. जन्म विचारत नाहीत, हे खरेच. पण ती चढायला फावला वेळ लागतो आणि इंग्रजी लागते. या व्यासपीठाच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या निघाल्या. हिंदी नाही, मराठी नाही. दिवसभर मजुरी करून रात्री दुसऱ्याच्या मोबाइलवर शिकणारा मुलगा तेथे प्रश्न विचारू शकतो. नियम करण्याइतकी पत मिळवायला त्याचे आयुष्य पुरेल काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ज्या प्रश्नावर अडून बसले तो हाच होता. अस्पृश्यांविषयी कळवळा कोणाला अधिक आहे हा वाद त्यांनी बाजूला सारला. अस्पृश्यांच्या वतीने कोण बोलणार, हे विचारले. ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद मांडला आहे. नियम काय करावे ते ठरवून देतो आणि त्याचे पालन यांत्रिक होते. तत्त्व बरेवाईट पारखण्याची दृष्टी देते आणि माणसाला जबाबदार बनविते. यंत्राच्या मजकुरावर बंदी हा नियम आहे, बंदी उठविणे हाही नियमच. दोन्हींच्या मागे तत्त्व नसेल तर बळी तोच राहतो.

ते तत्त्व काय असावे? लिहिणाऱ्याने आपल्या शब्दांमागे उभे राहिले पाहिजे, आणि तसे उभे राहण्याची संधी त्याला दिलीच पाहिजे. यांतला पहिला भाग आपल्या मुलांनाही लागू आहे. यंत्राकडून शब्द विचारणे, वाक्य तपासून घेणे निराळे. न समजलेले उत्तर आपल्या नावावर खपविणे निराळे. उसन्या वाणीने भिंत पडत नाही, भिंतीवर रंग तेवढा लागतो. दुसरा भाग नियम करणाऱ्यांना लागू आहे. शैलीवरून शिक्षा नको, उत्तर तपासा. शिक्षेआधी माणसाला विचारा. कारण लेखी द्या. ज्यांच्यावर संशय सर्वांत अधिक येतो त्यांना नियम करणाऱ्यांत घ्या. आणि ज्यांचे श्रम विकायचे आहेत त्यांना विक्रीपूर्वी मत द्या.

हे अमेरिकेतल्या कंपनीपुरते राहिलेले नाही. मी शिकवितो त्या कॉलेजातही असा नियम झाला आहे. मजकूर अमुक टक्के यंत्राचा आहे असे साधनाने सांगितले की प्रकल्प नामंजूर. गेल्या वर्षी एका मुलीचा प्रकल्प असा अडकला. तिच्या घरात कॉलेजात येणारी ती पहिली. मी समितीवर होतो. तिला बोलवा आणि विचारा, एवढेच मी लेखी मागितले. ती आली. आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचा इतिहास तिने लिहिला होता. कोणाला विचारून लिहिले, कोणत्या म्हातारीने काय सांगितले, कोणत्या वर्षी नळ आला, हे ती वीस मिनिटे न थांबता सांगत राहिली. प्रकल्प मंजूर झाला. माझ्या वेळेपेक्षा हे पुढचे पाऊल आहे. मात्र नियमातला टक्क्याचा आकडा अजून तसाच आहे आणि समितीवर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी नाही. पुढच्या बैठकीत हे दोन्ही विषय मी पुन्हा मांडणार आहे.