‘पाणी’ आणि ‘जुलाब’ : एका सूचनापत्रकाची अर्थचिकित्सा

शस्त्रक्रियेने लहान आतड्याचा मोठा भाग काढून टाकल्यावर रुग्णाच्या हाती जी मराठी सूचनापत्रके दिली जातात, त्यांपैकी एक नुकतेच पाहावयास मिळाले. प्रौढाचे उरलेले लहान आतडे सुमारे २०० सेंटिमीटरांहून कमी असल्यास त्या अवस्थेस ‘शॉर्ट बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. पत्रकाचा हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु त्यातील दोन शब्दांनी घातलेला घोळ नजरेआड करता येत नाही.

‘जुलाब वाढल्यास भरपूर पाणी प्यावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ज्याच्या जेजुनमचे, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाचे, तोंड पोटावर काढलेले आहे, त्याला ते अपायकारक ठरते. साधे पाणी वा चहा तेथे पोहोचला की रक्तातील सोडियम आतड्यात झिरपतो, त्यामागून पाणीही जाते आणि उत्सर्ग वाढतो. अशा रुग्णाने साधी पेये दिवसाकाठी अर्धा ते एक लिटरपर्यंत मर्यादित ठेवावीत व उरलेली गरज लिटरमागे किमान ९० मिलिमोल सोडियम असलेल्या मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाने भागवावी, असा वैद्यकाचा संकेत आहे. ‘जलसंजीवनी’ म्हटल्यानेही काम भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सुधारित मिश्रणात हे प्रमाण ७५ मिलिमोल आहे. मराठीत साधे पाणीही ‘पाणी’ आणि मीठसाखरेचेही ‘पाणी’च. एरवी ही व्यापकता सोयीची असते. येथे ती घातक आहे.

दुसरा शब्द ‘जुलाब’. फारसी ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी, अरबीमार्गे औषधी पेय आणि पुढे रेचक अशा वाटेने तो आपल्याकडे स्थिरावला. ‘जुलाब घेणे’ म्हणजे रेचक घेणे आणि ‘जुलाब होणे’ म्हणजे अतिसार होणे, हे दोन्ही अर्थ आजही जिवंत आहेत. आतड्याची गती मंदावणारे लोपेरामाइड जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाचे असते. पत्रकात त्यास ‘जुलाबाचे औषध’ म्हटले आहे. ‘खोकल्याचे औषध’ खोकला थांबवते, ‘झोपेचे औषध’ झोप आणते. मग ‘जुलाबाचे औषध’ काय करते? षष्ठीचा प्रत्यय याचे उत्तर देत नाही.

डॉक्टर तोंडी समजावून सांगतातच, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु पत्रक वाचले जाते ते रात्री, घरी, डॉक्टर जवळ नसताना, आणि पुष्कळदा रुग्णाऐवजी नातेवाइकाकडून. तोंडी खुलाशाची उणीव भरून काढणे हेच पत्रकाचे प्रयोजन होय.

यावर ‘अतिसाररोधक’ असा संस्कृत शब्द घडविणे हा उपाय नव्हे. ज्याच्यासाठी तो घडवावयाचा, त्यालाच तो अडेल. ‘साधे पाणी मोजून प्यावे, तहान लागली तरी डॉक्टरांनी सांगितलेले मीठ-ग्लुकोजचेच द्रावण घोट-घोट घ्यावे’ आणि ‘जुलाब कमी करणारी गोळी’ एवढे लिहिले तरी पुरे. आपल्या विभागांत परिभाषेची चर्चा बहुधा शब्दाच्या कुळावरून होते. शब्द वाचून माणूस काय करील, ही कसोटीही तिला लावली पाहिजे.