विंचवाचा दंश आणि 'दुर्दैवी' हा शब्द

वाङ्मयाच्या परीक्षणासाठीं राखलेल्या या पृष्ठांवर वैद्यकशास्त्रांतील निबंधांची चर्चा करण्यास आम्ही प्रवृत्त झालों आहों, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या लेखनानें लोकांची पाहण्याची दृष्टि पालटते, तें कादंबरींत असो वा रोगचिकित्सेच्या कोष्टकांत असो, टीकाकाराच्या अधिकारांतून सुटूं नये, असें आमचें मत आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांचें विंचूदंशावरील लेखन या जातीचें आहे. मराठी वाचक त्यांस 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रामुळें ओळखतो, आणि २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली हेंही त्यास ठाऊक असतें. परंतु त्यांच्या कार्याचें खरें मोल 'लॅन्सेट'सारख्या इंग्रजी नियतकालिकांत आलेल्या निबंधांत आहे. आज आम्हांस त्यांकडेच वळावयाचें आहे.

आम्ही हें नातेपुत्याहून लिहीत आहों. माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळें या गांवाचें नांव वारकऱ्यांस ठाऊक आहे. पालखी पुढें गेली, कीं मागें उरतें तें माळशिरस तालुक्यांतलें नेहमींचें जीवन : उंसाचे फड, दगडी बांध, सरपणाचे ढीग, गोवऱ्यांचे उडवे, आणि त्यांच्या आडोशानें राहणारा विंचू. एकनाथांच्या भारुडांतला विंचू मराठी माणसाच्या ओठीं असतो; पण तो कामक्रोधाचा, आणि त्याचा उतारा सत्त्वगुणाचा. खऱ्या विंचवाचा खात्रीचा उतारा पुष्कळ वर्षें ना मांत्रिकापाशीं होता, ना डॉक्टरापाशीं.

आमच्या लहानपणीं शेजारच्या घरांतील सहासात वर्षांच्या एका मुलाला सरपण काढतांना लाल विंचू डसला. थोडा वेळ तें मूल रडलें. मग रडणें थांबलें, उलटी झाली, आणि घामानें सदरा भिजला. त्याच्या आजीनें पायांना हात लावून, "लेकराचं पाय गार पडल्यात," असें दोनदां सांगितलें. परंतु रडणें थांबलें म्हणजे विष उतरलें, असें जमलेल्या मंडळींनीं ठरविलें. पहांटे तें मूल गेलें. दुसऱ्या दिवशीं सर्वांच्या तोंडीं एकच शब्द होता : दैव.

१९७६ सालीं डॉ. बावसकर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत रुजू झाले, तेव्हां अशींच मुलें त्यांच्यापुढें येऊं लागलीं, आणि त्यांतलीं कित्येक डोळ्यांदेखत मरूं लागलीं. त्यांनीं जें केलें तें दिसावयास फार साधें आहे. ते खाटेपाशीं बसले आणि पाहत राहिले. उलट्या कोणाला होतात, घाम कितपत येतो, नाडी कशी चालते, हातपाय केव्हां गार पडतात, दम केव्हां लागतो, हें त्यांनीं क्रमवार टिपलें. १९८२ च्या 'लॅन्सेट'मधील त्यांचा निबंध अशा निरीक्षणांतून उभा राहिला. त्याचा सारांश असा कीं, हृदयावर विषाचा घाला पडण्यापूर्वीं त्याच्या पूर्वखुणा दिसतात. त्या ओळखावयास यंत्र लागत नाहीं. दंशाच्या जागीं असह्य वेदना होऊन मूल आक्रोश करीत असेल, तर बहुधा विष अंगांत फारसें भिनलेलें नसतें. वेदना थोडी, पण उलटी, भरपूर घाम आणि गार हातपाय असतील, तर तो धोक्याचा इशारा होय. हें वाचलें तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें ती आजी उभी राहिली. तिच्या हातानें निदान केलें होतें. तें निदान आहे, हें सांगणारें कोणी नव्हतें.

लाल विंचवाचें विष मज्जातंतूंतील सोडियमचीं द्वारें नीट मिटूं देत नाहीं. त्यामुळें ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा अंगांत पूर येतो, बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतें, आणि शेवटीं फुप्फुसांत पाणी भरतें. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध रक्तदाबासाठीं आधींच वापरांत होतें. वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम या मात्रेनें डॉक्टरानें तें तोंडावाटें द्यावें, आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत तीनतीन तासांनीं पुन्हां द्यावें, अशी ही चिकित्सा आहे. डॉ. बावसकर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनीं १९८६ सालीं 'लॅन्सेट'मधून प्राझोसिनचा हा उपयोग जगापुढें मांडला. पश्चिम महाराष्ट्रांत १९६१ ते १९८३ या काळांत गंभीर विषबाधेच्या रुग्णांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत. प्राझोसिन आल्यानंतर हें प्रमाण शेंकडा एकाच्याही खालीं उतरलें. या चिकित्सेंतील एक विशेष आम्हांस फार मोलाचा वाटतो. रोगाची खूण गार पाय, आणि गुण आल्याची खूण ऊबदार पाय. दोन्ही खुणा आईच्या हाताला कळणाऱ्या आहेत.

येथपर्यंत स्तुति झाली. आतां उणें सांगणें हें टीकाकाराचें कर्तव्य आहे. आधींच्या काळाची नंतरच्या काळाशीं तुलना करणें ही पद्धति शास्त्रदृष्ट्या लंगडी आहे. त्या दोन काळांत रस्ते झाले, वाहनें आलीं, दवाखान्यांत प्राणवायूची सोय झाली, आणि लोक मांत्रिकाआधीं डॉक्टराकडे जाऊं लागले. घटलेल्या मृत्यूंचें सारें श्रेय एका गोळीस देतां येत नाहीं. परंतु या आक्षेपाचें अर्धें उत्तर खुद्द डॉ. बावसकरांनींच दिलें आहे, आणि आमच्या मतें तेंच त्यांच्या लेखनांतील सर्वोत्तम पान होय. २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें त्यांनीं ७० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें रुग्णांचे दोन गट पाडून ३५ जणांस नुसतें प्राझोसिन दिलें, व ३५ जणांस त्याबरोबर विंचवाची प्रतिविषाची लस दिली. दहा तासांच्या अखेरीस पहिल्या गटांतील ८, तर दुसऱ्या गटांतील ३२ रुग्ण बाधामुक्त झाले होते. कोणाला काय दिलें हें डॉक्टरांस ठाऊक होतें, हा या प्रयोगाचा दोष खरा; रुग्णही थोडे. तरीही ज्या औषधानें आपणांस कीर्ति मिळाली, तें एकटें पुरेसें नाहीं, हें स्वतःच मोजून स्वतःच छापावयास जी वृत्ति लागते, ती आमच्या वाङ्मयांतल्या किती ग्रंथकारांपाशीं आहे ?

दुसरी उणीव अधिक खोल आहे. महाडच्या कोष्टकांत तेंच मूल येतें, जें खाटेपर्यंत पोंचलें. आमच्या शेजारचें मूल तेथें कधींच आलें नसतें. वाटेंत वा घरींच जें गेलें, त्याची गणती करावयास उंबऱ्यापर्यंत जाणारें शास्त्र पाहिजे. तें गडचिरोलीच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं संसर्गजन्य रोगांपुरतें उभें केलें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ५८ गांवांमध्यें न्युमोनियाचें निदान व उपचार गांवपातळीवर करविले, आणि शेजारचीं ४४ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. न्युमोनियानें होणारे बालमृत्यु तुलनेच्या गांवांत दर हजारीं १७.५ होते, उपचाराच्या गांवांत ते ८.१ भरले. अक्षरें न येणाऱ्या सुइणीला मुलाचे श्वास मोजतां यावेत म्हणून वाळूचें घड्याळ आणि मणी यांचें साधन त्यांनीं बनविलें : दहा श्वासांमागें एक मणी सरकवावयाचा. पुढें नवजात बालकांच्या गृहोपचारांचा त्यांचा प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामांत तसे गृहोपचार अंतर्भूत झाले. 'कोवळी पानगळ' हा २००१ चा अहवाल तर मराठींतच आहे. घरोघर जाऊन मोजलें, तर सरकारी दप्तरापेक्षां कितीतरी अधिक बालमृत्यु निघतात, हें त्यानें दाखविलें.

आतां आमचें गाऱ्हाणें. न्युमोनियास मोजणारे मिळाले, विंचवास मिळाले. परंतु मुलांच्या इतर अपघातांस अद्याप आम्ही दैवाच्याच हवालीं ठेविलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालानुसार जगाच्या प्रत्येक भागांत, मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूंच्या पहिल्या दहा कारणांत बुडणें हें एक आहे. आमच्या तालुक्यास नीरेच्या उजव्या कालव्यानें पाणी दिलें, विहिरींनीं दिलें, आतां शेततळ्यांनीं दिलें. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा गुळगुळीत कागद असतो. त्यांत पडलेल्या मुलाला हात रोवावयास जागा मिळत नाहीं. भोंवतीं कुंपण घालणें, काठावरून गांठी मारलेला दोर आंत सोडणें, हे उपाय तळ्याच्या खर्चापुढें नगण्य आहेत. असें असतां बुडालेल्या मुलाची वार्ता वर्तमानपत्रांत 'दुर्दैवी घटना' या मथळ्याखालीं येते. या विशेषणास आमचा आक्षेप वाङ्मयीन आहे, तसाच नैतिकही आहे. तें सहानुभूति दाखवितें, आणि चौकशीचें दार लावून घेतें. मूल किती वर्षांचें, वेळ कोणती, कुंपण होतें कीं नव्हतें, जवळ कोण होतें, हें वाचकास कळत नाहीं. कळावें असें वाटतही नाहीं.

चौकशी केली तर काय होतें, याचें उदाहरण बांगलादेशानें घालून दिलें आहे. तेथें लहान मुलें बहुधा सकाळच्या प्रहरीं, घरची बाई कामांत असतांना, घराजवळच्याच तळ्यांत बुडतात, असें मोजमापावरून दिसलें. तेव्हां एक ते पांच वर्षांच्या मुलांसाठीं 'आंचल' नांवाचीं पाळणाघरें गांवोगांव काढलीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, त्यांत जाणाऱ्या मुलांचें बुडण्याचें प्रमाण इतरांच्या सुमारें पांचव्या हिश्श्यावर आलें होतें. आमच्याकडे ऊसतोडणीच्या हंगामांत आई फडांत आणि मूल बांधावर, हें दृश्य कोणास अपरिचित आहे ?

डॉ. बावसकरांचे निबंध मराठींत यावेत, ही आमची पहिली सूचना. डॉक्टरांसाठीं नव्हे, आजींसाठीं. दोन पानांत, गार पायांची खूण सांगणारे, आणि अशा मुलास तत्काळ दवाखान्यांत न्यावें हें बजावणारे. दुसरी सूचना आमच्याच गांवास आहे. शाळेच्या गुरुजींनीं, ग्रामपंचायतीनें वा आशाताईंनीं एक वही घालावी, आणि दंश, भाजणें, बुडणें, पडणें यांची प्रत्येक हकीकत वय, वेळ व जागा यांसह तींत लिहावी. बिरवाडीस डॉ. बावसकरांनीं आरंभ केला, तो पाहून टिपण्यापासूनच. ही वही एक वर्षभर चालली, तर तिचें परीक्षण या पृष्ठांवर करण्यास आम्ही आनंदानें सिद्ध आहों.