‘स्मृतिचित्रां’तील शांति

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ 1934 ते 1936 या अवधींत चार भागांत प्रसिद्ध झालीं. त्यांची सरस, घरगुती भाषा सर्वमान्यच आहे. तिचें गुणगान पुन्हा करण्याचें कारण नाहीं. आम्हांस येथें एकाच प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे. ख्रिस्ती श्रद्धेनें संकटांत मनास शांति लाभते असें म्हणतात. त्याची साक्ष या ग्रंथांत मिळते काय, आणि मिळत असल्यास ती कोणत्या प्रकारची?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अस्वस्थ चित्तास विसावा सांपडला. परंतु त्याच घटकेस त्यांच्या पत्नीचा विसावा नाहींसा झाला. कडक सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलें. पुढें सुमारें पांच वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. एकाची शांति दुसऱ्याच्या अश्रूंवर उभी असेल, तर तिला शांति म्हणावें काय? विचारी हिंदु वाचक हा आक्षेप घेतो, आणि तो आम्ही रास्त मानतों.

लक्ष्मीबाईंचा मोठेपणा असा कीं, त्या या आक्षेपास बगल देत नाहींत. टिळकांचा तापटपणा, त्यांचें विसराळूपण, घरांत दाणा नसतां ओसंडणारी त्यांची उदारता, सारें त्या मोकळेपणानें सांगतात. पतीस त्यांनीं देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं, आणि आरोपीच्या पिंजऱ्यांतहि उभें केलें नाहीं.

त्यांच्या स्वतःच्या मतपरिवर्तनाचा भाग मात्र आम्हांस तोकडा वाटला. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदयां’त मतांचा झगडा वाचकास पायरीपायरीनें दिसतो. येथें आधीं जातिभेदाची गांठ मनांतून सुटते आणि मागाहून, 1900 सालीं, बाप्तिस्मा येतो. मधल्या तात्त्विक विचाराची वाट फारशी दिसत नाहीं. जिज्ञासूची येथें निराशा होईल.

पण ज्या पुराव्याच्या शोधांत आम्ही होतों, तो निराळ्याच ठिकाणीं सांपडला. दारिद्र्य, अपत्यवियोग, नगरची प्लेगची सांथ, 1919 सालीं पतीचा मृत्यु, हें सर्व भोगलेली बाई आपल्या फजितीची हकीकत सांगतांना मनमोकळें हंसते. त्या हंसण्यांत कडवटपणाचा लेशहि नाहीं. ज्याच्यामुळें घर मोडलें, त्याच श्रद्धेच्या आश्रयानें तें पुन्हा उभें राहिलें, आणि मोडल्याची खूणहि कोणीं लपविली नाहीं. प्रवचनांतील शांतीहून ही शांति आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटते.

हें टिपण आम्ही कुरुळीस बसून लिहीत आहों. एका अंगास आळंदी, दुसऱ्या अंगास देहू, आणि मधून नाशिकच्या रस्त्यानें कारखान्यांच्या मालमोटारी रात्रंदिवस धांवत आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक म्हणत. दुष्काळांत पत्नी व पुत्र गमावलेल्या तुकोबांनींहि दुःख नाकारलें नव्हतें. त्यांतूनच ते देवापर्यंत पोंचले. त्या पुलाचें हें एक टोंक आमच्या दारांत आहे, म्हणून लक्ष्मीबाईंची शांति आम्हांस परकी वाटत नाहीं.

ज्या घरांत मतभेदानें दोन माणसें दुरावलीं असतील, त्या घरीं हा ग्रंथ अवश्य वाचला जावा. तेथील धर्म कोणताहि असो.