'संतुलित' स्थानांतरण : एका संज्ञेची चिकित्सा
दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि जनुकीय द्रव्य घटले-वाढले नाही, की पाठ्यपुस्तके त्यास 'संतुलित स्थानांतरण' म्हणतात. बहुतेक वाहक निरोगी असतात, हे खरे. परंतु भंगबिंदू जनुकातच पडला तर हे संतुलन केवळ वजनाचे उरते. ब्रिटनमधील एका मुलाच्या ५ व ७ क्रमांकांच्या गुणसूत्रांत असेच स्थानांतरण होते. उच्चारासाठी ओठ-जिभेच्या हालचालींची सांगड घालणे त्यास कठीण जाई. हा भंगबिंदू 'फॉक्सपी-२' जनुकात असल्याचे २००१ मध्ये सिद्ध झाले. वाणीदोष असलेल्या एका कुटुंबातही त्याच जनुकात एकाच अक्षराचा बदल आढळला. पुढे वृत्तपत्रांनी त्यास 'भाषेचे जनुक' ठरविले. ही दुसरी, अधिक टिकाऊ दिशाभूल. ते इतर जनुकांचे नियमन करते, आणि उंदरांतही असते.